आत्ताचं हवामान कोणाला ठाऊक आहे?

अंदाज चुकला की माणसं म्हणतात, उद्याचं कोणी पाहिलंय! खरंच आहे ते. पण या विषयाच्या जवळ गेल्यापासून मला उद्यापेक्षा आजचाच प्रश्न जास्त अवघड वाटत आलाय. या घडीला पृथ्वीभोवतीच्या हवेची अवस्था नेमकी काय आहे? कुठे किती दाब, किती ऊब, किती ओल, वारा कोणत्या दिशेनं आणि किती जोरानं? हे सगळं एकत्र कोणीही पाहिलेलं नाही, आणि कोणाला पाहता येईल असंही नाही.

जगभराचा अंदाज काढणारी आजची चांगली संगणकीय मॉडेल्स पृथ्वीचा पृष्ठभाग सुमारे ९ किलोमीटरच्या चौकटींमध्ये वाटून घेतात आणि त्यावरच्या हवेचे शंभराहून जास्त थर करतात. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राच्या मॉडेलमध्ये असे १३७ थर आहेत. प्रत्येक चौकटीच्या प्रत्येक थरात तापमान, वारा, आर्द्रता असे कितीतरी आकडे भरावे लागतात. सगळे मिळून हिशेब अब्जांच्या घरात जातो, आणि गणित सुरू करायच्या क्षणी यातला एकही रकाना रिकामा ठेवून चालत नाही. मोजमापंही आता दिवसाला कोट्यवधी येतात, पण त्यातली बहुतेक उपग्रहांची, आणि बहुतेक उपग्रह तापमान मोजतच नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचलेला किरणोत्सार तेवढा मोजतात. ज्याला आपण सरळ मोजमाप म्हणू, म्हणजे तापमापी, वायुदाबमापी, यंत्रं घेऊन वर जाणारे फुगे, विमानं, ती काही भूभागांवर दाट आहेत. महासागर, वाळवंटं, ध्रुवांकडचे प्रदेश यांवर मैलोन्‌मैल काहीच नाही.

ही दरी भरून काढण्याच्या शास्त्राला डेटा असिमिलेशन म्हणतात. निरीक्षणं एका बाजूला, भौतिकशास्त्राची समीकरणं चालवणारं मॉडेल दुसऱ्या बाजूला, आणि दोघांची सांगड घालून ‘आत्ता बहुधा असं आहे’ हे ठरवायचं. संध्याकाळच्या बातम्यांत या कामाचं नावही येत नाही. मला मात्र सगळ्या हवामानशास्त्रात हेच काम सर्वांत देखणं वाटतं, आणि त्याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं जातं याची रुखरुख आहे, म्हणून हा लेख.

हवामानाचा अंदाज हा भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे, हे १९०४ साली व्हिल्हेल्म ब्यर्कनेस या नॉर्वेच्या शास्त्रज्ञानं स्पष्ट मांडलं. आत्ताची अवस्था पुरेशी अचूक माहीत हवी, आणि एका अवस्थेतून दुसरी कशी निघते याचे नियम माहीत हवेत. दोनच अटी. यातल्या दुसऱ्या अटीवर सगळ्यांची नजर गेली, कारण नियम म्हटले की समीकरणं आली. पहिली अट तशी सोपी वाटते. ती किती खोल आहे हे दाखवून दिलं लुईस फ्राय रिचर्डसननं, तेही स्वतःच्या अपयशातून.

रिचर्डसन शांततावादी. पहिल्या महायुद्धात शस्त्र हाती न घेता तो फ्रान्समध्ये रुग्णवाहिका पथकात होता. तिथे, फुरसतीच्या वेळात, त्यानं २० मे १९१० या एका दिवसासाठी जुन्या निरीक्षणांवरून हातानं अंदाज काढला. मध्य युरोपातल्या एका ठिकाणचा हवेचा दाब सहा तासांत किती बदलेल, याचा. १९१७ साली लढाईच्या धामधुमीत त्याचं हस्तलिखित हरवलं आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं. उत्तर आलं होतं १४५ मिलीबार. एवढा फरक सहा तासांत कुठेही पडत नाही. त्या दिवशी प्रत्यक्षात तर दाब जवळपास स्थिर होता. रिचर्डसननं हे उत्तर लपवलं नाही. १९२२ साली आपल्या पुस्तकात ते जसंच्या तसं छापलं, आणि दोष सुरुवातीच्या वाऱ्यांच्या आकड्यांत असावा असा कयासही मांडला. मला या माणसाबद्दल अपार आदर आहे.

बऱ्याच वर्षांनी पीटर लिंच या आयरिश गणितज्ञानं तीच आकडेमोड संगणकावर पुन्हा केली. उत्तर पुन्हा तेच, १४५. म्हणजे रिचर्डसनचं गणित चोख होतं. मग लिंचनं सुरुवातीच्या आकड्यांतला एक विशिष्ट प्रकारचा गोंगाट गाळून टाकला आणि तेच समीकरण पुन्हा चालवलं. आता बदल एक मिलीबारच्याही आत आला.

निरीक्षणं मोठी चुकीची नव्हती, समीकरणं तर बरोबरच होती, मग बिघडलं कुठे? खऱ्या हवेत दाब आणि वारा एकमेकांना धरून असतात. एखाद्या जागी खालच्या थरात हवा गोळा होत असेल तर वरच्या थरात ती पसरत असते, आणि दोन्हींची वजाबाकी होऊन दाबात अगदी थोडा फरक उरतो. मोजमापांत प्रत्येक थराची चूक आपापली, स्वतंत्र. या चुकांची वजाबाकी होत नाही, बेरीज होते. मॉडेलला असा बिघडलेला तोल दिला की ते तो सावरण्यासाठी जोरजोरानं हिंदकळू लागतं. वेगानं धावणाऱ्या लाटा उठतात, आणि खरं हवामान त्यांच्याखाली दडून जातं. नुसती मोजमापं मॉडेलमध्ये ओतली की काम होत नाही, हा धडा त्या १४५ मध्ये होता. तो नीट पचायला पुढची पन्नासेक वर्षं गेली.

१९५० साली एनिॲक या सुरुवातीच्या संगणकावर चार्नी, फ्योरटॉफ्ट आणि फॉन नॉयमन या शास्त्रज्ञांनी पहिले यशस्वी संगणकीय अंदाज काढले. चोवीस तासांचा अंदाज काढायला जवळपास चोवीस तास लागले. ही गोष्ट बरेचदा सांगितली जाते. मला त्यातली दुसरी बाजू जास्त खुणावते: सुरुवातीचा नकाशा तेव्हा माणसंच काढत होती. अनुभवी हवामानतज्ज्ञ ठिपक्या-ठिपक्यांच्या मोजमापांमधून समदाब रेषा ओढत, जिथे काहीच नाही तिथे अनुभवानं रेषा पुढे नेत, आणि मग त्या नकाशावरून चौकटींचे आकडे वाचून संगणकाला दिले जात. तो हात फार जाणता होता. कालचं वादळ आज कुठवर आलं असेल हे त्याला कळत होतं.

संगणकाला हे कसं शिकवायचं? १९५५ च्या सुमारास बर्गथॉर्सन आणि ड्योस या दोन हवामानतज्ज्ञांनी उत्तर दिलं. कोऱ्या कागदापासून सुरुवात करायचीच नाही. मागच्या वेळी काढलेला अंदाज या वेळेपर्यंत आलेला आहेच, तो पाया म्हणून घ्यायचा, आणि निरीक्षणं येतील तिथे तो दुरुस्त करायचा. जिथे निरीक्षण नाही तिथे अंदाजच राहू द्यायचा.

वाचायला हे तडजोडीसारखं वाटतं, पण मला यात या शास्त्राचा गाभा दिसतो. मागचा अंदाज हा नुसता अंदाज नसतो. त्याच्या पोटात कालची, परवाची सगळी निरीक्षणं जिरलेली असतात. खंडावर काल दाट मोजमापं झाली, त्यावरून मॉडेलनं हवा पुढे ढकलली, आणि आज ती हवा समुद्रावर आहे, जिथे एकही यंत्र नाही. तरी तिच्याबद्दल आपल्याला बरंच माहीत असतं, कारण मॉडेलनं ती माहिती वाहून आणलेली असते. आता बहुतेक केंद्रांवर सहा किंवा बारा तासांचं हे चक्र अखंड चालू असतं: अंदाज, निरीक्षणं, दुरुस्ती, पुन्हा अंदाज.

दुरुस्ती किती करायची, हा खरा प्रश्न. इथे थोडं गणित करू, कारण ते कागदावर मावतं, आणि मी पहिल्यांदा केलं तेव्हा त्यानं मला अक्षरशः थांबवलं होतं.

समजा एका जागी मॉडेल म्हणतंय तापमान २८ अंश. तापमापी म्हणतेय ३० अंश. दोघांपैकी कोणाचं ऐकायचं? आधी दोघांना विचारायचं, तुम्ही साधारण किती चुकता? मॉडेलच्या चुकीचा आवाका २ अंश आहे, तापमापीचा १ अंश. आवाक्याचा वर्ग करायचा आणि त्याच्या व्यस्त प्रमाणात वजन द्यायचं. मॉडेलला पाव, तापमापीला एक. सरासरी काढली की येतं २९.६ अंश. म्हणजे तापमापीकडे झुकलेलं, पण अगदी तिचंच नाही. इथवर कोणालाही पटेल. पण या उत्तराच्या चुकीचा आवाका काढला तर तो साधारण ०.९ अंश येतो. तापमापीच्या १ अंशापेक्षाही कमी! दुप्पट चुकणाऱ्या मॉडेलला सोबत घेतल्यानं एकट्या चांगल्या यंत्रापेक्षा बरं उत्तर मिळालं. कच्ची माहितीसुद्धा, तिचा कच्चेपणा प्रामाणिकपणे सांगितला तर, भर घालते.

हे तत्त्व हवामानशास्त्राच्या फार आधीचं आहे. १ जानेवारी १८०१ रोजी ज्युझेप्पे पियाझ्झी या इटलीतल्या खगोलज्ञाला सेरेस हा लघुग्रह दिसला. फेब्रुवारीपर्यंत त्यानं त्याच्या नोंदी घेतल्या आणि मग तो सूर्याच्या तेजात नाहीसा झाला. गाउस या चोवीस वर्षांच्या जर्मन गणितज्ञानं त्या मोजक्या नोंदींवरून कक्षा काढली, आणि वर्षअखेरीस सेरेस जवळजवळ त्यानं सांगितलेल्या जागी सापडला. नियम गतीचे, नोंदी दुर्बिणीच्या, आणि नोंदींत थोड्या थोड्या चुका. आपण करतोय तेच. पुढे १८०९ साली गाउसनं न्यूनतम वर्गांची, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी ठेवणारी, पद्धत सविस्तर मांडली, त्याआधी १८०५ मध्ये लजांद्रनं ती प्रसिद्ध केली होती. १९६० मध्ये रुडॉल्फ काल्मननं काळाबरोबर बदलणाऱ्या प्रणालींसाठी त्याचंच विस्तारित रूप दिलं, जे अपोलो यानांच्या मार्गनिर्देशनात वापरलं गेलं.

वातावरणात अडचण अशी की इथे एक तापमान नाही, अब्जावधी आकडे आहेत, आणि त्यांच्या चुका एकमेकांशी बांधलेल्या आहेत. मॉडेलनं एखादं वादळ शंभर किलोमीटर पश्चिमेला ठेवलं असेल, तर त्याच्या भोवतालचे दाब, वारे, ढग, पाऊस सगळेच एकदम चुकलेले असतात, आणि ठरावीक रीतीनं चुकलेले असतात. हे नातं कळलं तर एका मोजमापावरून पुष्कळ काही सुधारता येतं. लेनिनग्राडच्या लेव गांडिननं १९६३ मध्ये हे गणित हवामानासाठी पद्धतशीर बसवलं.

याचं एक प्रात्यक्षिक आहे. ते पाहायला मिळालं तर जरूर पाहावं. सगळी निरीक्षणं काढून टाकायची आणि फक्त एकच द्यायचं. समजा समुद्राच्या मधोमध एका ठिकाणी दाब मॉडेलच्या आकड्यापेक्षा एक मिलीबारनं कमी आहे. बाकी काही सांगायचं नाही. मग मॉडेलनं काय काय बदललं ते नकाशावर काढायचं. त्या ठिपक्याभोवती दाब उतरलेला दिसतो, काही शे किलोमीटरपर्यंत, कडेकडेला विरत जाणारा. आणि वाऱ्याचे बाण? त्यांच्याबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नसतं, तरी ते त्या ठिपक्याभोवती गोल वळलेले असतात. उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट, दक्षिणेत काट्यांप्रमाणे. कमी दाबाभोवती वारा जसा फिरायला हवा तसाच. पृथ्वीच्या फिरण्याचा नियम मॉडेलच्या चुकांच्या नात्यांमध्ये भिनलेला आहे, म्हणून एका वायुदाबमापीनं वारा सांगितला. रिचर्डसनला जो तोल मिळाला नव्हता तो इथे आपसूक येतो. असे नकाशे मी कितीदाही बघू शकते.

काळाच्या दिशेनंही असंच घडतं. १९६९ मध्ये चार्नी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मॉडेलला नुसती तापमानं सलग देत राहिलं तरी थोड्या दिवसांत वारेही जाग्यावर येऊ लागतात. उपग्रहांचं युग तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं, त्यामुळे या निकालानं मोठी आशा निर्माण केली.

ती आशा फळायला मात्र वेळ लागला, आणि का लागला हे समजून घेण्यासारखं आहे. उपग्रहातलं यंत्र वेगवेगळ्या तरंगलांबींवर खालून येणारा किरणोत्सार मोजतं. प्रत्येक तरंगलांबीवर हवेच्या वेगवेगळ्या जाड पट्ट्याचा मिसळलेला प्रभाव असतो. सुरुवातीला या मोजमापांवरून थरांची तापमानं ‘काढायची’ आणि मग फुग्यानं मोजल्यासारखी ती मॉडेलला द्यायची, अशी रीत होती. पण एकाच किरणोत्साराला जुळतील असे तापमानाचे अनेक उभे छेद असू शकतात. त्यातला एक निवडायला आणखी काही गृहीत धरावं लागे, आणि ती गृहीतकं निरीक्षणाचा वेष घेऊन मॉडेलमध्ये शिरत. उत्तर गोलार्धात, जिथे फुगे पुष्कळ होते, तिथे या आकड्यांनी फारसा फायदा झाला नाही. कधी कधी तर अंदाज बिघडले.

१९९० च्या दशकात प्रश्न उलटा विचारला गेला. उपग्रहाकडून तापमान वदवून घेण्याऐवजी मॉडेललाच विचारायचं: तुझी हवा खरी असेल तर या उपग्रहाला इथून काय दिसलं असतं? हा हिशेब नेमका करता येतो, कारण किरणोत्साराचं भौतिकशास्त्र त्या दिशेनं एकच उत्तर देतं. मग मॉडेलचं ‘दिसलं असतं’ आणि उपग्रहाचं ‘दिसलं’ यांची तुलना करायची, आणि फरकावरून हवा दुरुस्त करायची. प्रत्येकानं आपल्याला जे खरंच माहीत आहे तेवढंच बोलावं, अशी ही व्यवस्था आहे. दक्षिण गोलार्ध बहुतेक समुद्रानं व्यापलेला. तिथले अंदाज उत्तरेच्या कितीतरी मागे असत. उपग्रहांची निरीक्षणं अशा रीतीनं वापरली जाऊ लागल्यावर ते अंतर जवळपास मिटलं.

त्याच दशकात काळही गणितात आला. निरीक्षणं काही ठरल्या ठोक्याला येत नाहीत. विमानं, उपग्रह, जहाजं आपापल्या वेळी नोंदी पाठवतात. मग अशी सुरुवातीची अवस्था शोधायची की तिच्यापासून मॉडेल बारा तास चालवलं तर वाटेतल्या सगळ्या नोंदींच्या जास्तीत जास्त जवळून ते जाईल. यासाठी ‘अकरा वाजताची ही चूक शून्य वाजता कुठे रुजली’ हे उलट्या दिशेनं शोधणारं मॉडेल लागतं. टालाग्रां आणि कुर्तिए यांनी १९८७ मध्ये त्याचा मार्ग दाखवला, त्याआधी योशिकाझु सासाकींनी १९५८ मध्येच बीज पेरलं होतं, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये युरोपच्या केंद्रानं ही पद्धत रोजच्या कामात आणली.

याचा उपयोग काय, असं कोणी विचारलं तर मी सँडीचं नाव घेते. ऑक्टोबर २०१२ मध्ये हे चक्रीवादळ अटलांटिकवर होतं. त्या भागातली बहुतेक वादळं वर सरकली की पूर्वेकडे, खुल्या समुद्राकडे वळतात. सँडी पश्चिमेला, जमिनीकडे वळलं आणि २९ ऑक्टोबरला न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आलं. युरोपच्या केंद्राच्या अंदाजात हे वळण सुमारे आठवडाभर आधी दिसत होतं. नंतर तिथल्याच शास्त्रज्ञांनी तो अंदाज पुन्हा काढला, पण ध्रुवांवरून फिरणाऱ्या उपग्रहांची निरीक्षणं वगळून. तेच मॉडेल, तोच संगणक. वादळ किनाऱ्यावर धडकायच्या चार-पाच दिवस आधी या अंदाजांतून उपयोगी इशारा मिळालाच नसता. निरीक्षणांची किंमत इतकी थेट मोजलेली दुसरी उदाहरणं थोडीच असतील.

आता एक नाजूक मुद्दा, ज्यावर अंदाजापेक्षाही जास्त, दीर्घकालीन हवामानाचं म्हणजे क्लायमेटचं शास्त्र अवलंबून आहे. वरचं सगळं गणित असं धरून चालतं की चुका कधी इकडे, कधी तिकडे पडतात. एखादं यंत्र कायम एकाच बाजूला चुकत असेल तर? मग सरासरी काढून काही हाती लागत नाही, उलट ती चूक शांतपणे सगळीकडे झिरपते.

समुद्राचं तापमान पूर्वी जहाजावरून बादली सोडून मोजत. बादली वर ओढेपर्यंत पाण्याची वाफ होते आणि ते किंचित गार होतं, विशेषतः कापडी बादलीत. पुढे इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान मोजायला सुरुवात झाली; ते किंचित जास्त येतं. १९४५ च्या सुमारास जागतिक समुद्रपृष्ठाच्या तापमानाच्या नोंदींत सुमारे ०.३ अंशांची अचानक घट दिसते. कित्येक वर्षं ती खरी मानून तिचं कारण शोधलं जात होतं. २००८ मध्ये लक्षात आलं की युद्धकाळात बहुतेक नोंदी इंजिनाच्या पाण्यावर मोजणाऱ्या अमेरिकी जहाजांच्या होत्या, आणि युद्ध संपल्यावर बादली वापरणाऱ्या ब्रिटिश जहाजांचा वाटा पुन्हा वाढला. समुद्र गार झाला नव्हता, मोजणारे बदलले होते. एका बादलीतल्या बाष्पीभवनामुळे सगळ्या पृथ्वीच्या इतिहासात पायरी पडावी, याचं मला आजही नवल वाटतं.

म्हणून आता प्रत्येक उपग्रहाच्या प्रत्येक तरंगलांबीची कायमची चूक हवेच्या अवस्थेबरोबरच काढली जाते. त्यासाठी काही निरीक्षणं खुंट्यासारखी लागतात, ज्यांवर डोळे झाकून नाही पण बऱ्यापैकी विसंबता येईल. रेडिओसाँड फुगे हा एक असा खुंटा; दिवसातून साधारण दोनदा, जगभर एकाच वेळी सुटणारे आणि तीसेक किलोमीटर उंचीपर्यंत मोजत जाणारे. वर जाताना फुगा वाऱ्याबरोबर दूरवर वाहत जातो, कधी शंभर किलोमीटरच्याही पुढे, आणि वर्षानुवर्षं मॉडेल्समध्ये तो सरळ वर गेला असंच धरलं जात असे. चौकटी लहान झाल्या तेव्हा हे चालेनासं झालं आणि वाहण्याचा हिशेब धरला जाऊ लागला.

आजचं मॉडेल आणि आजची सांगड घालण्याची पद्धत घेऊन जुन्या निरीक्षणांवरून भूतकाळ पुन्हा मांडणं, याला पुनर्विश्लेषण म्हणतात. १९८८ मध्ये बेंग्टसन आणि आपले जगदीश शुक्ला यांनी ही कल्पना मांडली, स्वतंत्रपणे ट्रेनबर्थ आणि ओल्सन यांनीही. युजेनिया कॅल्ने यांच्या नेतृत्वाखाली १९९६ मध्ये आलेल्या पुनर्विश्लेषणानं तर एका पिढीचं संशोधन उभं केलं. आज सर्वाधिक वापरलं जाणारं ईआरए-५ हे १९४० पासूनचा प्रत्येक तास देतं. दुसरं एक फक्त जमिनीलगतच्या हवेच्या दाबाच्या नोंदी वापरतं, सोबत समुद्राचं तापमान आणि बर्फ, आणि तेवढ्यावर १८३६ पर्यंत मागे जातं. एका वायुदाबमापीनं वारा सांगितला होता ना, तेच इथे शतकभर केलेलं आहे.

या नोंदी आल्या कुठून? बऱ्याचशा जहाजांच्या रोजनिशांमधून. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘ओल्ड वेदर’ उपक्रमात हजारो स्वयंसेवकांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश नौदलाच्या रोजनिशा घरबसल्या वाचून आकडे उतरवून काढले. हलत्या जहाजावर, रात्रपाळीत, कोणा खलाशानं वायुदाबमापी वाचून शाईनं एक आकडा लिहिला. तो कशासाठी उपयोगी पडेल याची त्याला कल्पना असणं शक्य नव्हतं. पण त्यानं तो इमानानं लिहिला, आणि आज त्या महासागरावरची शंभर वर्षांपूर्वीची वादळं आपण नकाशावर काढू शकतो.

दीर्घ पल्ल्याच्या अंदाजात समुद्र हाच मुख्य धागा, कारण हवेची स्मृती दोनेक आठवड्यांत पुसली जाते आणि समुद्राची महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकते. इथे अर्गो तरंडांनी सगळंच बदललं. सुमारे ४००० स्वयंचलित नळकांडी महासागरांत वाहत असतात. १००० मीटर खोलीवर शांत तरंगायचं, मग २००० मीटरपर्यंत उतरायचं, तिथून तापमान आणि क्षारता मोजत वर यायचं, उपग्रहाला आकडे सांगायचे आणि पुन्हा बुडी मारायची. दर दहा दिवसांनी एक फेरी. २००० च्या आधी समुद्राच्या पोटाबद्दल आपल्याला किती थोडं ठाऊक होतं, हे आठवलं की मागची दोन दशकं फार भाग्याची वाटतात.

पण इथे सांगड घालणं हवेपेक्षा जिकिरीचं आहे. प्रत्येक मॉडेलचं स्वतःचं एक हवामान असतं; मोकळं सोडलं की ते आपल्या सवयीच्या समुद्राकडे जातं, जो खऱ्या समुद्रापेक्षा कुठे थोडा उबदार, कुठे थोडा गार असतो. निरीक्षणांनी त्याला खऱ्या जागी आणून ठेवायचं, आणि सोडताक्षणी ते हळूहळू आपल्या घराकडे सरकू लागतं. हे सरकणं आणि खरा बदल वेगळे कसे करायचे? जुन्या वर्षांसाठी शेकडो अंदाज काढून सरकण्याचं सरासरी रूप शोधतात आणि वजा करतात. काहीजण समुद्र खऱ्या जागी न आणता फक्त ‘नेहमीपेक्षा किती जास्त-कमी’ एवढंच मॉडेलला सांगतात. दोन्हींत काहीतरी सोडावं लागतं. माझा कल पहिल्याकडे आहे, कारण त्यात मॉडेलची चूक निदान उघड्यावर येते. पण यावर जाणकारांत एकमत नाही.

आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेल्स आली आहेत. २०२३ मध्ये ग्राफकास्ट आणि पांगू-वेदर यांनी दाखवलं की समीकरणं न सोडवता, जुन्या हवामानावरून शिकूनही चांगला अंदाज काही मिनिटांच्या आत काढता येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपच्या केंद्रानं स्वतःचं असं मॉडेल रोजच्या कामात आणलं. समीकरणं सोडवणाऱ्यांचे दिवस भरले, असं काहीजण घाईनं म्हणून गेले. ही मॉडेल्स शिकली कशावरून? ईआरए-५ वरून, म्हणजे गेल्या कित्येक दशकांच्या फुग्यांवरून, विमानांवरून, उपग्रहांवरून आणि त्यांची सांगड घालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या मॉडेलवरून. आणि रोज सकाळी ती सुरुवात करतात त्याच सांगडीतून निघालेल्या नकाशापासून. निरीक्षणांपासून थेट अंदाजापर्यंत जाण्याचे प्रयोग जोरात चालू आहेत, आणि त्यातून काय निघतं याची मला मनापासून उत्सुकता आहे.

काळजी एकाच गोष्टीची वाटते. ईआरए-५ बरोबर दहा समांतर आवृत्त्याही मिळतात. निरीक्षणांना आणि मॉडेलला त्यांच्या त्यांच्या चुकीच्या आवाक्याइतके धक्के देऊन तोच भूतकाळ दहा वेळा मांडलेला. दहाही जिथे जवळजवळ सारख्या, तिथे आपल्याला बरंच ठाऊक आहे; जिथे त्या फाकतात तिथे नकाशा मुख्यतः मॉडेलचाच आहे. १९४० च्या दशकातला दक्षिण महासागर उघडला तर हा फाका चांगलाच जाणवतो, आणि उपग्रहांच्या काळात येऊ तसा तो मिटत जातो. बहुतेकजण मुख्य आवृत्तीच तेवढी उतरवून घेतात. नवी मॉडेल्सही आत्तापर्यंत बहुधा त्या एकाच आवृत्तीवर शिकत आली, तिलाच सत्य मानून. माझ्या हातात असतं तर शिकवताना मी दहाही दिल्या असत्या. साठवण जास्त लागेल आणि वेळही जास्त लागेल, पण कुठे कमी बोलायचं हे त्या मॉडेलला सुरुवातीपासून कळलं असतं. तोवर निदान कोणी जुन्या दशकांवरून निष्कर्ष काढत असेल तर त्या दहा आवृत्त्यांमधला फरक आधी काढावा आणि मुख्य नकाशाच्या शेजारी छापावा. त्याला फार तर अर्धा तास लागतो.